डोक्यात शिरत नाही, म्हणजे नेमके काय?



‘ह्याच्या डोक्यात काही शिरत नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त आहे. आई बोलते, बाप बोलतो, शेजारी बोलतो, मास्तर तर बोलतातच. मीही बोललो आहे. एकदा तर अशा वेळी बोललो की, त्या एका वाक्याने एका मुलाची शाळा सुटायची वेळ आली. आज मला त्याविषयी सांगायचे आहे. विषय तसा शास्त्राचा आहे. संगणकावरून शिकवताना शिकणाऱ्याच्या बौद्धिक क्षमतेमुळे काय फरक पडतो, हा तो विषय. मी काही शास्त्रज्ञ नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेला, थोड्याफार कविता लिहिणारा माणूस. पण चूक हातून घडली की माणूस वाचायला लागतो. तसा मी वाचायला लागलो.

गोष्ट २०१७ सालची. कृष्णाकाठच्या आमच्या गावात मोहल्ल्याच्या तोंडाशी एक छोटी अभ्यासिका आहे. संध्याकाळी मुले तिथे अभ्यासाला बसत आणि त्यांच्याकडे लक्ष द्यायला मी बसत असे. त्या वर्षी एका दात्याने सहा जुने संगणक दिले. त्यांत पाचवी ते आठवीच्या गणिताचे धडे भरलेले होते. आम्हां मोठ्या माणसांना कोण आनंद झाला! वाटले, आता शिकवणीच्या फीची कटकट मिटली. संगणक कंटाळत नाही, रागावत नाही, छडी मारत नाही. हा गरिबाघरचा मास्तरच म्हणायचा.

मुलांत एक सहावीतला मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. चौथीपर्यंत तो उर्दू शाळेत शिकला. पुढचे उर्दू वर्ग गावात नव्हते, म्हणून पाचवीला मराठी शाळेत आला. बोलायला चुणचुणीत, पण मराठी वाचायला लागला की बैलगाडी चिखलात रुतावी तसा प्रत्येक जोडाक्षरापाशी रुतायचा. त्याला मी अपूर्णांकांच्या बेरजेचा धडा लावून दिला. धडा मोठा देखणा होता. एक खारूताई भाकरीचे तुकडे करते. मागे संगीत वाजते. एक बाई भराभर स्पष्टीकरण देतात. खाली चौकटीत तेच स्पष्टीकरण अक्षरांत सरकत जाते. वरच्या कोपऱ्यात घड्याळ पळते. धडा संपला की दहा प्रश्न.

पोराला दहापैकी दोन मिळाले. पडद्यावर आले, ‘पुन्हा प्रयत्न करा’. पुन्हा तोच धडा, तीच खारूताई, त्याच बाई, तोच वेग. पुन्हा दोन. मग तीन. मग पुन्हा दोन. आठवड्याभराने माझ्या लक्षात आले की, तो आता प्रश्न वाचतच नाही. पहिला पर्याय दाबतो, चुकला की दुसरा, चुकला की तिसरा. कधी ना कधी हिरवी खूण येतेच. मला राग आला. मनात म्हटले, एवढे सोन्यासारखे साधन पुढ्यात ठेवले, तरी याची ही तऱ्हा.

त्याच सुमारास त्याचे वडील आले. हमालीची कामे करणारा साधा माणूस. मला म्हणाले, “भाई, तुमी चार बुकं शिकलेली मानसं. तुमीच सांगा. ह्याला शाळंत ठिवू का मिस्त्रीकडं लावू?” मी संगणकावर नोंदलेले त्याचे गुण पाहिले. दोन, दोन, तीन, दोन. आणि म्हणालो, “डोक्यात शिरत नाही त्याच्या. हाताला कसब लागेल ते बघा.”

दुसऱ्या दिवसापासून मुलगा अभ्यासिकेत दिसेनासा झाला. शाळेतही जाईना. मला फारसे काही वाटले नाही, हेही कबूल करतो. मी तर खुद्द यंत्राने दिलेला निकाल वाचून दाखवला होता.

तीन आठवड्यांनी माझी जुनी दुचाकी धूर ओकू लागली, म्हणून गॅरेजात गेलो. तिथे हा मुलगा. हात काळे, नाकावर ऑइलचा डाग. मिस्त्रीने त्याला कार्ब्युरेटरचा स्क्रू लावायला सांगितला. मी उगाच विचारले, “काय करतोयस रे?” तो म्हणाला, “चाचा, ह्यो आधी पुरा आवळायचा. मग दीड फेरा सैल करायचा. तुमची गाडी जुनी हाय, म्हनून वर पाव फेरा जास्त.” मी विचारले, “म्हणजे किती फेरे झाले?” मान वर न करता तो म्हणाला, “पावणेदोन.”

श्रोतेहो, माझ्या पोटात धस्स झाले. दीड अधिक पाव, पावणेदोन. म्हणजे तीन छेद दोन अधिक एक छेद चार, बरोबर सात छेद चार. अगदी ह्याच जातीच्या प्रश्नाला अभ्यासिकेतल्या संगणकाने त्याला सात वेळा लाल फुली दिली होती. छेद वेगळे असलेले अपूर्णांक हा मुलगा तोंडी मिळवत होता. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या भाषेने त्याला घरबसल्या दिले होते. मग जे गॅरेजात शिरत होते ते अभ्यासिकेत का शिरत नव्हते? तेच तर डोके होते!

हा प्रश्न मला झोपू देईना. शिक्षणशास्त्र शिकवणारे एक स्नेही आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी काही लेख दिले, काही समजावून सांगितले. त्यातून मला जे उमगले ते माझ्या भाषेत सांगतो.

आपल्या डोक्यात दोन जागा आहेत असे समजा. एक मोठे कोठार. त्यात आयुष्यभराचे साठते. दुसरी एक लहानशी पाटी. जे आत्ता ऐकतो, पाहतो, ज्याचा विचार करतो ते या पाटीवर लिहिले जाते. बॅडली आणि हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली या पाटीचा नीट आराखडा मांडला. तिला कार्यरत स्मृती म्हणतात. गंमत अशी की, कोठार अफाट आहे आणि पाटी मात्र फार लहान. १९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लिहिले की, माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी लक्षात धरू शकतो, दोन इकडे, दोन तिकडे. पुढे २००१ साली नेल्सन कोवन यांनी दाखवले की, खरा आकडा चारच्या आसपास आहे. नवी गोष्ट कोठारात जायची तर ती आधी या पाटीवर मावली पाहिजे. मावली नाही तर सांडते. ‘डोक्यात शिरत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा पाटी भरून सांडलेली असते.

पाटी सगळ्यांची सारखी नसते. लहान मुलाची लहान, वाढत्या वयाबरोबर ती वाढते. एकाच वयाच्या दोन मुलांतही फरक असतो. शिवाय तिच्यावर दुसरी ओझी पडतात. भीती हे त्यातले मोठे ओझे. ज्यांना गणिताची धास्ती असते त्यांची निम्मी पाटी ‘मला येणार नाही, मला येणार नाही’ या जपानेच भरते.

आता त्या मुलापुढे मी काय ठेवले होते ते पाहा. नाचणारी खारूताई, वाजणारे संगीत, भराभर बोलणाऱ्या बाई, खाली सरकणारी अक्षरे, वर पळणारे घड्याळ. ह्या मुलाला मराठी अक्षरे अजून लावून लावून वाचावी लागत होती. म्हणजे ‘समच्छेद’ हा शब्द फोडून वाचण्यातच त्याची पाटी संपत होती. ज्याला वाचन सरावाचे आहे त्याला अक्षराचे ओझे वाटत नाही. ते त्याच्या कोठारातून आपोआप येते. ह्याला मात्र प्रत्येक अक्षर पाटीवर मांडावे लागत होते. अपूर्णांकाला जागा उरणार कुठे? परीक्षा गणिताची म्हणून घेतली. प्रत्यक्षात झाली ती वाचनाच्या वेगाची आणि पाटीच्या आकाराची.

ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्वेलर यांनी १९८८ साली यावर एक सिद्धान्त मांडला. बोधनभाराचा सिद्धान्त म्हणू या. त्याचे सार असे की, धड्याचा स्वतःचा असा एक भार असतो. तो टाळता येत नाही. पण मांडणीमुळे पडणारा फुकटचा भार टाळता येतो आणि शिकवणाऱ्याने तो टाळलाच पाहिजे. अमेरिकेत रिचर्ड मेयर यांनी संगणकावरच्या धड्यांचे अनेक प्रयोग केले. त्यात वारंवार दिसले ते असे: चित्र आणि त्यावर बोलणे पुरेसे असते. तेच बोलणे पुन्हा अक्षरांत चालवले की मदत होण्याऐवजी बहुतेकदा अडचण होते. मागचे संगीत आणि मजेदार पण विषयाशी संबंध नसलेल्या गोष्टी शिकण्यातून वजा होतात. आपल्याला जी सजावट वाटते ती मुलाच्या पाटीवरचे अतिक्रमण असते.

मेयर आणि चँडलर यांचा २००१ सालचा एक प्रयोग मला फार आवडला. आकाशात वीज कशी चमकते यावरचा, अडीच मिनिटांहूनही छोटा असा एक बोलता चलच्चित्र-धडा. काहींना तो सलग दाखवला. काहींना तोच धडा सोळा तुकड्यांत दाखवला. एक तुकडा झाला की धडा थांबायचा आणि शिकणाऱ्याने बटण दाबल्यावरच पुढे सरकायचा. माहिती तीच, चित्रे तीच, शब्द तेच. तरी ज्यांच्या हाती थांबण्याचे बटण होते, त्यांना नव्या प्रश्नांची उत्तरे अधिक चांगली देता आली.

हे वाचून मी हसलो. आमच्या मुशायऱ्यात हेच तर चालते. शायर पहिली ओळ म्हणतो आणि थांबतो. ऐकणारे ती ओळ उचलतात, पुन्हा म्हणतात. शायरही पुन्हा म्हणतो. ती सगळ्यांच्या मनात नीट बसली की मगच दुसरी ओळ येते आणि मग दाद उसळते. पहिली ओळ बसण्याआधीच दुसरी फेकणाऱ्या शायराला कुणी दाद देत नाही. पस्तीस वर्षे मी मंचावर ही रीत पाळली आणि एका मुलाला मात्र न थांबणाऱ्या यंत्रापुढे बसवून निघून गेलो.

मी त्या मुलाच्या वडिलांकडे गेलो. माझी चूक झाली, असे म्हणालो. ते काही रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “भाई, तुमीच म्हनला व्हता.” त्याहून ते रागावले असते तर बरे झाले असते. ठरले असे की, पोराने दुपारपर्यंत शाळेत जायचे, मग दोन तास गॅरेज आणि संध्याकाळी अभ्यासिका.

आम्ही फार मोठे काही केले नाही. संगीत बंद केले. घड्याळावर कागदाची पट्टी चिकटवली. धडा लावण्याआधी अंश, छेद आणि समच्छेद हे तीनच शब्द त्याला तोंडी समजावले, गॅरेजातल्या फेऱ्यांवरूनच. मग धडा लावायचा, एक पायरी झाली की थांबवायचा, आणि त्याने ती पायरी आपल्या बोलीत मला सांगायची. सांगता आली तर पुढे. नाही आली तर पुन्हा तेवढीच. पहिल्या दिवशी एका धड्याला पाऊण तास लागला. दोन आठवड्यांनी दहापैकी चार मिळाले, महिन्याने सहा, मग सात. ज्या दिवशी सात मिळाले त्या दिवशी त्याने पडद्याकडे पाहिलेच नाही, माझ्याकडे पाहिले.

पण गोष्ट इथे संपत नाही. या यशाने मी इतका फुगलो की, सगळ्याच मुलांना हीच पद्धत लावली. माझी एक भाची त्याच वर्गात होती. गणितात तल्लख. तिलाही मी पायरीपायरीने थांबवू लागलो. आठवड्यात तिचे गुण नऊवरून सहावर आले. मी विचारले, तर म्हणाली, “मामू, मला माहीत असलेलंच तुम्ही पुन्हा पुन्हा ऐकवता. ऐकता ऐकता मी काय करत होते तेच विसरते.”

तिचे म्हणणेही शास्त्राला धरून होते. ऑस्ट्रेलियात १९९८ साली विजेच्या जोडणीचे काम शिकणाऱ्या उमेदवारांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नवशिक्या उमेदवारांना आकृती आणि तिच्यातच लिहिलेले स्पष्टीकरण यांचा फायदा झाला. पण तेच उमेदवार कामात मुरले, तसे त्यांना नुसती आकृतीच बरी पडू लागली. स्पष्टीकरणाचा उलट अडथळा व्हायला लागला. जी काठी नवशिक्याला आधार देते तीच जाणत्याच्या पायात अडकते. अभ्यासकांनी या उलटापालटीला पुढे नावही दिले.

याचे कारण कोठारात आहे. १९७३ साली चेस आणि सायमन यांनी बुद्धिबळाच्या खेळाडूंवर प्रयोग केला. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली, तर निष्णात खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडत. नवखे चारदोन मोहऱ्यांवर थांबत. पण मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली, तर निष्णाताची मातब्बरी जवळपास संपली. म्हणजे निष्णाताची पाटी मोठी नव्हती. त्याच्या कोठारात हजारो मांडण्या साठलेल्या होत्या, म्हणून पाच मोहरी त्याला एकच गोष्ट दिसत. माझ्या भाचीला ‘समच्छेद करा’ ही एकच गोष्ट होती. त्या मुलाला तीच गोष्ट सात गोष्टी होती. धडा एकच, पण दोघांच्या पाटीवर पडणारा भार वेगवेगळा.

म्हणून ‘चांगला संगणकीय धडा कोणता?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुणासाठी चांगला, हे विचारले पाहिजे. ली क्रॉनबॅक आणि रिचर्ड स्नो या दोघांनी १९७७ साली यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. शिकण्याची क्षमता आणि शिकवण्याची पद्धत यांचे नाते शोधण्याचा तो प्रयत्न. हे नाते सरळ नियमात बसवणे फार अवघड आहे, असे त्यांना आढळले. तरी एक धागा बराच टिकला. ज्यांची तयारी कमी त्यांना बांधीव, पायरीपायरीचे, हात धरून नेणारे शिक्षण अधिक मानवते. ज्यांची तयारी चांगली त्यांना मोकळीक दिली तर ते अधिक फुलतात.

यंत्र करणाऱ्यांनाही हा पेच नवा नव्हता. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात शिकवण्याचे यंत्र तयार केले. त्यात सगळ्यांना एकच रस्ता होता, लहान लहान पायऱ्यांचा. वेग मात्र ज्याचा त्याचा. त्याच काळात नॉर्मन क्राउडर यांनी दुसरी वाट काढली. उत्तर चुकले, तर ते का चुकले त्यानुसार शिकणाऱ्याला वेगळ्या पानावर पाठवायचे. तेच पान पुन्हा वाचायला लावायचे नाही. आमच्या अभ्यासिकेतला संगणक या दोघांनंतर अर्धशतकाने आलेला होता. पण ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणून तेच पान पुढे करत होता. यंत्र नवे होते, शिकवण मात्र जुन्यातली जुनी.

आपल्या देशातले अनुभवही हेच सांगतात. २००२ ते २००४ या काळात बडोद्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले गेले. मुलाला जमेल तसा खेळ अवघड होत जाई. गणितात चांगली प्रगती दिसली, मात्र वर्ष उलटल्यावर तिचा मोठा भाग ओसरला. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो हे या अभ्यासात होते. गुजरातमधल्याच आणखी एका प्रयोगात असे दिसले की, शिक्षकाचा तास काढून घेऊन त्या जागी संगणक बसवला, तर मुलांचे नुकसान झाले. तोच संगणक शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून दिला, तर कच्च्या मुलांना फायदा झाला.

दिल्लीतला अभ्यास अलीकडचा. २०१५-१६ साली सहावी ते नववीची ६१९ मुले त्यात होती. सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि नववीत ही पिछाडी साडेचार इयत्तांवर गेली होती. म्हणजे नववीचे पुस्तक हातात आणि समज पाचवीच्या आसपास. निवडलेल्या मुलांना शाळेनंतर एका केंद्रात संगणकावर धडे दिले. संगणक आधी मूल कुठे आहे ते तपासायचा आणि तिथूनच सुरू करायचा. सोबत छोट्या गटात शिकवायला माणूसही होता. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत त्यांची स्पष्ट प्रगती झाली. केंद्रात न गेलेल्यांपैकी सर्वांत कच्ची मुले त्या काळात जवळजवळ जागच्या जागीच राहिली. वर्ग पुढे सरकत होता आणि ती मात्र होती तिथेच होती.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. ‘अमका डोळ्यांनी शिकणारा, तमका कानांनी शिकणारा’ असे म्हणून मुलांच्या जाती पाडायची एक टूम निघाली आहे. शाळांतून, पालकसभांतून ती ऐकू येते. २००८ साली चार नामवंत मानसशास्त्रज्ञांनी यावरचे संशोधन तपासले. अशा जातीनुसार शिकवल्याने शिकणे सुधारते, असे म्हणण्याजोगा पुरावा त्यांना सापडला नाही. तेव्हा ‘हा मुलगा संगणकाचा नाही’ असा नवा शिक्का मारू नये. मुलाला आधीपासून काय येते आणि एका वेळी त्याला किती झेपते, हे पाहावे. या दोन्ही गोष्टी बदलणाऱ्या आहेत. आज न झेपणारे उद्या झेपते. आधीचे कोठारात गेले की पाटीवर तेवढी जागा रिकामी होते.

२०२० साली शाळा बंद झाल्या आणि घरोघर मोबाइलच शाळा झाला. किती घरांत ते वाक्य उच्चारले गेले असेल! आई-बाप शेजारी बसून पाहत होते, मुलगा पडद्याकडे बघत होता आणि उत्तर येत नव्हते. आता तर संगणक बोलतो, प्रश्नांना उत्तरे देतो, समजावून सांगतो. चांगली गोष्ट आहे. मी यंत्राच्या विरुद्ध नाही. दिल्लीतल्या मुलांना नेमके जिथे ती होती तिथे आधी यंत्रानेच गाठले. पण शेजारी बसलेल्या माणसाने दोनतीन गोष्टी बघितल्या पाहिजेत, असे मला वाटते. मुलगा चुकतोय तो गणितात की वाचण्यात? पडद्यावर एकदम किती गोष्टी चालू आहेत? थांबवायचे बटण त्याला ठाऊक आहे का, आणि थांबवले तर कुणी रागावणार नाही, याची त्याला खात्री आहे का? तो भराभर पर्याय दाबत असेल, तर तो आळस नसून बहुधा हार असते. आणि एखादे मूल कंटाळले असेल, तर त्याला पुढे उडी मारायची मुभा आहे का?

तो मुलगा २०२२ साली दहावी पास झाला. फार गुण नव्हते. गणितात जेमतेम निघाला. वर्तमानपत्रात फोटो यावा असे काही घडले नाही. पण दहावी पास झाला, म्हणून आयटीआयला जाता आले. तिथे वाहन दुरुस्तीचे शिकला. पुस्तकातली आकृती बघून इंजिन खोलायला लागला. मागे एकदा मला म्हणाला, “चाचा, तुमची ती खारूताई लई बडबडी होती.”

मी म्हणालो, “ती होतीच. पण तिच्यापेक्षा मी जास्त बडबडलो होतो.”

त्याला ते कळले की नाही, ठाऊक नाही. त्याच्या वडिलांशी मी काय बोललो होतो, हे त्याला कुणी सांगितले नसावे. आज या माध्यमातून मीच सांगतो आहे. कारण तेव्हा संगणकाने काही खोटे सांगितले नव्हते. दहापैकी दोन, हे खरेच होते. तो धडा त्या मुलाशी कसा जुळला याचे ते गुण होते. मी ते मुलाच्या डोक्याचे गुण म्हणून वाचले. ती चूक यंत्राची नव्हती, माझी होती.

नमस्कार.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)